चिनी शेतकरी आणि यंत्रयुग

इ. स. १९३६ च्या उन्हाळ्यांत फे श्याओतुंग नांवाचा एक तरुण चिनी समाजशास्त्रज्ञ शांघायच्या पश्चिमेस, ताय सरोवराच्या आग्नेयेस असलेल्या कायश्येनगुंग या खेड्यांत राहावयास गेला. गांव भाताचें आणि रेशमाचें. भोंवतालीं कालव्यांचें जाळें असलें, तरी शेतांत पाणी घ्यावयाचें तें उपसून घ्यावें लागे, आणि पाऊस जास्त झाला कीं तेंच पाणी पुन्हां उपसून बाहेर टाकावें लागे. यासाठीं लांकडी रहाट असे. एका लांब पन्हळींतून फिरणारी फळ्यांची साखळी, आणि ती फिरविण्यासाठीं पायांनीं दाबावयाच्या खुंट्या, असें त्याचें स्वरूप. कोंकणांत ज्यांनीं पायरहाट चालविला असेल त्यांना ही मेहनत परकी वाटली नसती. चिनी लोक या रहाटास 'ड्रॅगनचा कणा' म्हणत. भाताच्या हंगामांत घरचीं माणसें तासन् तास त्यावर उभीं असत.

याच गांवांत त्या वेळीं दोन आधुनिक पंप येऊन राहिलेले होते. एक खासगी मालकीचा होता, दुसरा गांवच्या सहकारी रेशीम कारखान्याचा. जमिनीच्या क्षेत्राप्रमाणें ठराविक आकार भरला, कीं वर्षभर पाणी चढविण्याची आणि उपसण्याची जबाबदारी पंपवाल्याची, अशी सोय होती. तरीही गांवकऱ्यांपैकीं बहुतेकांनीं पायरहाट सोडला नाहीं. फे यानें कारण विचारलें तेव्हां त्यास मिळालेलें उत्तर मोठें मार्मिक होतें. यंत्रानें वांचलेल्या वेळाचें करावयाचें काय? पैसे यंत्राला द्यावयाचे आणि आपण महिनेच्या महिने रिकामें बसावयाचें, हा व्यवहार त्या लोकांस पटेना. ज्यांनीं पंप लावले त्यांतील कांहीं जण रिकामपणीं शहरांत जाऊन जुगार खेळूं लागले, असेंही गांवकरी बोलून दाखवीत.

हें उत्तर देणारा शेतकरी अडाणी नव्हता. त्याचा हिशेब बरोबर होता, आणि त्या हिशेबांत चिनी शेतीचें दोन हजार वर्षांचें अर्थशास्त्र सांठलेलें होतें. आज त्याच देशांत वैमानिकावांचून उडणारीं छोटीं विमानें भातावर औषध फवारतात आणि उपग्रहाच्या इशाऱ्यावर चालणारे ट्रॅक्टर कापसाच्या सरळ ओळी पेरतात. मधल्या नव्वद वर्षांत शेतकऱ्याचा हिशेब कसा बदलला, हें पाहिल्यावांचून या यंत्रांचा अर्थ लागत नाहीं.

चिनी शेतकरी नवीन वस्तूचा शत्रु होता, असा समज करून घेणें चुकीचें होईल. महाराष्ट्रांतील कुणबी ज्या तिफणीनें पेरणी करीत आला, तशाच तीन फणांच्या पेरणीच्या औताचा प्रसार चीनमध्यें इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास चाओ क्वो नांवाच्या एका राजाधिकाऱ्यानें केला, असें तेथील इतिहास सांगतो. सहाव्या शतकांत च्या सशिए यानें मशागतीपासून गुरांच्या निगेपर्यंत सर्व शेतकामाचा एक विस्तृत ग्रंथ रचला. वांग चेन याच्या १३१३ च्या कृषिग्रंथांत तर शेंकडों औतांचीं चित्रेंच दिलेलीं आहेत. इ. स. १०१२ मध्यें दुष्काळ पडला असतां सुंग घराण्याच्या चन्-चुंग बादशहानें, हल्लींच्या मध्य व्हिएतनाममधील चंपा देशांतून आलेल्या, लवकर पिकणाऱ्या आणि कमी पाण्यावर तगणाऱ्या भाताचें तीस हजार मापें बियाणें फूच्येन प्रांतांतून मागवून यांगत्सेच्या खोऱ्यांत वांटलें. पुढें त्या भातानें दक्षिण चीनमध्यें एका वर्षांत दोन पिकें घेण्याचा मार्ग सुकर केला. सोळाव्या शतकांत अमेरिकेंतून निघालेलें रताळें आणि मका हींही चिनी शेतांत अशींच रुजलीं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्याच जमिनींतून अधिक धान्य देईल तें नवें औत, तें नवें बियाणें चिनी शेतकऱ्यानें मोठ्या आवडीनें उचललें; केवळ श्रम वांचवील त्याकडे त्यानें फारसें लक्ष दिलें नाहीं. त्याच्याजवळ जमीन थोडी होती आणि हात पुष्कळ होते. जमिनीचें तेथील माप 'मू' हें आहे. एक मू म्हणजे सुमारें साडेसहा गुंठे. अशा दहा-पंधरा मूंवर एक कुटुंब पोसावयाचें, तर प्रत्येक गुंठ्यावर अधिकांत अधिक हात फिरले पाहिजेत, हेंच तेथलें शास्त्र ठरलें.

हात जसे पुष्कळ, तसें खतही त्याच हातांनीं गोळा केलेलें. अमेरिकेंतील मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग हा १९०९ सालीं चीन, जपान व कोरिया या देशांत हिंडला. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीनें १९०८ सालीं शहराचें ७८,००० टन मैलें उचलून नेण्याचा हक्क एका चिनी कंत्राटदारास ३१,००० सुवर्ण डॉलरांस विकला, हें पाहून तो थक्क झाला. अमेरिकन शहरें जें समुद्रांत लोटण्यासाठीं पैसे खर्च करीत, तें येथें पैसे देऊन विकत घेतलें जात होतें! तें होड्यांतून खेड्यापाड्यांस जाई आणि सोनखत होऊन शेतांत उतरे. कालव्यांतला गाळ, राख, पालापाचोळा, जुन्या चुलींच्या विटा, यांपैकीं कांहींच वायां जात नसे. किंगचा ग्रंथ १९११ सालीं त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पुढें सर आल्बर्ट हॉवर्ड यानें होळकरांच्या इंदुरांत काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट खत करण्याची जी पद्धति बसविली आणि जी 'इंदूर पद्धति' म्हणून जगभर गाजली, तिच्या मागें चिनी शेतकऱ्याचें हेंच उदाहरण होतें.

अशा रचनेंत यंत्रास जागा कोठून असणार? नानकिंग विद्यापीठांतील जॉन लॉसिंग बक यानें १९२९ ते १९३३ या काळांत १६,७८६ शेतांची पाहणी करविली. तींत शेतकऱ्यांचें रिकामपण मुख्यत: हिवाळ्याच्या महिन्यांत आढळून आलें. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत मात्र माणूस पुरत नसे, आणि त्या थोड्या दिवसांसाठीं वर्षभर माणसें गांवांत असणें भाग होतें. हीं माणसें उरलेल्या दिवसांत कांहीं तरी जोडधंदा करीत. कायश्येनगुंगमध्यें तो जोडधंदा रेशमाचा होता. १९२९ सालीं तेथें निघालेल्या सहकारी कारखान्यानें रेशीम उत्तम होऊं लागलें. परंतु पूर्वीं घरोघरच्या बायका जें सूत काढीत, तें आतां थोड्याच बायकांच्या हातून होऊं लागलें आणि बाकीच्यांच्या हातचें काम गेलें. म्हणजे एका बाजूनें यंत्रानें घरचा धंदा नेला आणि दुसऱ्या बाजूनें तेंच यंत्र शेतावरचे श्रमही वांचवूं पाहत होतें. गांवकऱ्यांनीं पंपाकडे पाठ फिरविली ती या पार्श्वभूमीवर.

१९४९ सालीं साम्यवादी पक्षाची सत्ता आली. १९५० च्या कायद्यानें जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांत वांटल्या गेल्या, परंतु थोड्याच वर्षांत त्या सहकारी संस्थांत आणि १९५८ मध्यें प्रचंड लोककम्यूनांत एकत्र करण्यांत आल्या. मोठ्या शेतावर मोठें यंत्र चालेल, अशी राज्यकर्त्यांची दृढ समजूत होती. शेतीचा खरा तरणोपाय यांत्रिकीकरणांत आहे, असें माओ त्से-तुंग यांनीं १९५९ सालीं लिहून ठेवलें. लोयांगच्या कारखान्यांतून १९५८ च्या जुलै महिन्यांत पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. त्याचें नांव 'तुंगफांगहुंग', म्हणजे 'पूर्व लाल आहे', असें होतें. पुढें १९८० पर्यंत देशांतील शेती मुख्यत: यंत्रावर आणावयाची, असें ध्येयही जाहीर झालें.

परंतु शेतकऱ्याचा हिशेब न विचारतां वरून आलेलें तंत्र किती घातक होऊं शकतें, हेंही याच काळांत दिसलें. १९५८ सालीं नेहमीपेक्षां कितीतरी खोल नांगरट करा, रोपें दाटीनें लावा, असे हुकूम खेडोपाडीं सुटले. पिकांचे आंकडे कागदावर फुगले. त्या आंकड्यांवरून सरकारची धान्यवसुली झाली. शेतांतले हात लोखंड वितळविण्याच्या भट्ट्यांकडे वळविले गेले. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत जो दुष्काळ पडला त्यांत कोट्यवधि माणसें मेलीं. याच १९५८ सालच्या नोंदणी-कायद्यानें खेडुतास परवानगीवांचून शहरांत जाऊन राहण्यास बंदी झाली. यंत्रें यावयाचीं होतीं, परंतु माणसास गांव सोडण्याची वाट राहिली नव्हती. जोडधंद्यांवांचून नुसत्या धान्यानें शेतकऱ्याचें भागणार नाहीं, असें १९५७ सालीं कायश्येनगुंगला दुसरी भेट देऊन लिहिणाऱ्या फे श्याओतुंगला 'उजवा' ठरवून गप्प करण्यांत आलें.

ज्या तंत्रानें जमिनीचें उत्पन्न वाढे तें मात्र याही काळांत शेतकऱ्यानें स्वीकारलें. १९७३-७४ मध्यें चीननें अमेरिका, जपान, फ्रान्स इत्यादि देशांकडून अमोनिया व युरिया यांचे १३ मोठे कारखाने घेतले. हवेंतील नायट्रोजन पकडून केलेलें तें पांढरें दाणेदार खत सोनखताच्या जोडीस आलें आणि पुढें त्याच्या जागीं बसलें. बियाण्याच्या बाबतींत तर क्रांति एका शाळामास्तराच्या हातून घडली. हुनान प्रांतांतील एका कृषिशाळेंत शिकविणाऱ्या युआन लाँगपिंग यानें १९६४ मध्यें भाताच्या शेतांतून नरवंध्य रोपें शोधण्यास आरंभ केला. भात हें स्वपरागी पीक असल्यामुळें त्याचा संकर व्यवहारांत आणणें अशक्य, असें पुष्कळ तज्ज्ञांचें मत होतें. १९७० च्या नोव्हेंबरांत हैनान बेटावर त्याच्या सहकाऱ्यांस रानटी भाताचें एक नरवंध्य रोप सांपडलें. त्यावरून १९७३ मध्यें संकरित भाताची सांखळी पुरी झाली आणि १९७६ पासून तो मोठ्या प्रमाणावर पेरला जाऊं लागला. उत्पन्न पुष्कळ वाढलें. त्याबरोबर एक जुनी चालही तुटली. संकरित बियाणें दरवर्षीं नवें घ्यावें लागतें; घरच्या कणग्यांतलें निवडक बीं पुढल्या हंगामास राखून ठेवण्याची रीत तेथून मोडत चालली.

यानंतरचा फेर १९७८ च्या अखेरीस आला. आन्हुई प्रांतांतील श्याओगांग या अत्यंत दरिद्री खेड्यांतील १८ शेतकऱ्यांनीं रात्रीं गुप्तपणें एकत्र जमून सामुदायिक जमीन घरोघर वांटून कसण्याचा करार केला आणि त्यावर अंगठे उठविले. आपल्यापैकीं कोणी तुरुंगांत गेल्यास त्याचीं मुलें इतरांनीं वयांत येईतोंवर सांभाळावीं, असेंही त्यांत ठरलें होतें. शिक्षा होण्याऐवजीं त्यांची रीत देशभर मान्य झाली आणि १९८४ च्या सुमारास कम्यूनें मोडून जमीन घरोघर कसण्यास मिळाली. मालकी सामुदायिकच राहिली; पीक मात्र कसणाऱ्याचें झालें.

येथें एक चमत्कार दिसून आला. शेतांचे पुन्हां लहान तुकडे झाले, कम्यूनांचे मोठे ट्रॅक्टर पुष्कळ ठिकाणीं पडून राहिले, आणि तरीही धान्य वाढलें. यांत्रिकीकरणाशीं प्रगतीची गांठ घालणाऱ्यांस हें कोडें वाटलें. कायश्येनगुंगच्या गांवकऱ्यास वाटलें नसतें. जो मनुष्य स्वत:च्या पिकासाठीं राबतो, तो थोड्या वेळांत अधिक काम उरकतो. त्यामुळें कम्यूनच्या हजेरीपटांत दडून राहिलेलें मनुष्यबळ एकदम उघडें पडलें. घरीं चार हात पुरतात, सहांची गरज नाहीं, हें प्रत्येक कुटुंबास कळलें आणि उरलेले हात काम शोधीत बाहेर पडले.

प्रथम ते गांवोगांवच्या छोट्या कारखान्यांत शिरले. १९८१ मध्यें फे श्याओतुंग पुन्हां कायश्येनगुंगला आला तेव्हां गांवच्या उद्योगांना नवी पालवी फुटलेली त्यास दिसली. पुढें समुद्रकांठच्या शहरांतील गिरण्यांनीं आणि इमारतींच्या कामांनीं देशभरचे हात ओढून घेतले. १९७८ मध्यें चीनमधील कामकऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें ७० शेतीवर होते. २०२३ मध्यें हें प्रमाण शेंकडा २३ च्या आंत आलें. गांव सोडून अगर गांवाजवळ बिगरशेती काम करणाऱ्या खेडुतांची संख्या २०२३ सालीं २९ कोटि ७५ लाखांवर गेली. मागें खेड्यांत कोण उरलें, तें चिनी लोकांनींच एका कडवट विनोदांत सांगून ठेवलें आहे. ते म्हणतात कीं शेतीवर '३८-६१-९९' ही पलटण लढते. ३८ म्हणजे ८ मार्चचा महिलादिन, ६१ म्हणजे १ जूनचा बालदिन, आणि ९९ म्हणजे नवव्या महिन्याच्या नवमीस येणारा वृद्धांचा सण. तरुण मनुष्य या पलटणींत नाहीं.

आतां यंत्राची वेळ आली. १९३६ मध्यें ज्या प्रश्नावर पंप अडला होता, त्या प्रश्नास उत्तर मिळालें होतें. वांचलेल्या वेळाचें काय करावयाचें, तर शहरांत जाऊन मजुरी करावयाची! शेतांत राबण्याचा एक दिवस म्हणजे शहरांतील एका दिवसाची मजुरी बुडणें, असा नवा हिशेब प्रत्येक घरांत मांडला जाऊं लागला. आणि ज्या घडीला यंत्राचें भाडें त्या मजुरीहून स्वस्त ठरलें, त्या घडीला कोणाच्याही हुकुमावांचून शेतकऱ्यानें यंत्रास हांक मारली.

परंतु शेत तर पांच-सात मूंचे तुकडे. त्यावर कापणी-मळणीचें मोठें यंत्र विकत घेणें कोणत्याच घरास परवडण्यासारखें नव्हतें. यावर जी युक्ति निघाली तिचें मूळ जुन्या चालीरीतींत सांपडतें. वायव्य चीनमधील गान्सू व निंगश्या या डोंगराळ मुलखांतले गरीब शेतकरी पूर्वीं उन्हाळ्याच्या आरंभीं विळे घेऊन शेन्सी प्रांतांतील सखल मैदानांत उतरत. तेथें गहूं आधीं पिके. तो कापीत कापीत ते घराकडे सरकत, आणि घरीं पोंचेपर्यंत त्यांचा स्वत:चा गहूं कापणीस आलेला असे. या फिरत्या कापणीवाल्यांस 'मायख', म्हणजे 'गव्हाचे पाहुणे', असें म्हणत. १९९६ पासून सरकारच्या व्यवस्थेखालीं कापणीयंत्रांचे तांडे याच रीतीनें प्रांतोप्रांतीं फिरूं लागले. मे महिन्याच्या अखेरीस दक्षिणेकडे गहूं पिवळा होतो. यंत्रें तेथें आरंभ करितात आणि पिकत्या गव्हाच्या मागोमाग उत्तरेकडे सरकतात. ज्याचें शेत असेल त्यानें मूमागें ठराविक आकार द्यावयाचा. सगळ्या घरानें राबून जें काम कित्येक दिवसांत उरकावयाचें, तें घटकाभरांत होतें. धनी शहरांतून रजा घेऊन आलेला असो वा नसो.

२००४ मध्यें यंत्रखरेदीस सरकारी मदत सुरू झाली आणि २००६ च्या १ जानेवारीपासून शेकडों वर्षें चालत आलेला शेतीवरील कर रद्द झाला. त्यानंतर नांगरटीपासून कापणीपर्यंत सर्व काम आकारणीवर करून देणाऱ्या मंडळ्या आणि संस्था खेडोपाडीं निघाल्या. शेतकऱ्यानें जमीन न विकतां, पुष्कळदां भाड्यानेंही न देतां, केवळ तिची वर्षभराची मशागत त्यांच्याकडे सोंपवावयाची. कायश्येनगुंगच्या पंपवाल्यानें देऊं केलेली सोय यापेक्षां फारशी निराळी नव्हती. पेरणी, मशागत व कापणी या कामांत यंत्राचा वांटा २०२३ मध्यें शेंकडा ७३ च्या वर गेला, आणि तोही बहुतांश लहान शेतांच्या देशांत. लहान शेतावर यंत्र चालत नाहीं, हें पुष्कळ काळ सर्वत्र मानलेलें सूत्र चिनी शेतकऱ्यानें अशा रीतीनें खोटें पाडलें.

फवारणीच्या ड्रोनची गोष्टही तशीच. शेनचेन येथील डीजेआय कंपनीनें आपलें पहिलें शेतीचें ड्रोन २०१५ च्या अखेरीस बाजारांत आणलें. पाठीवर पंप बांधून चिखलांतून चालत औषध मारणें हें भातशेतींतलें अत्यंत कष्टाचें व आरोग्यास घातक काम. तें काम ड्रोन दिवसाला शेंकडों मूंवर करितें, आणि त्याच्या चालकास चिखलांत पाय घालावा लागत नाहीं. आज अशीं दोन लाखांहून अधिक ड्रोनें चिनी शेतांवर आहेत. गांवांत परतलेल्या कांहीं तरुणांनीं हीच उपजीविका केली आहे. चीननें उभारलेली उपग्रहांची दिग्दर्शक मालिका २०२० मध्यें पुरी झाली. तिचें नांव 'बेइदोउ', म्हणजे सप्तर्षि. पूर्वीं सप्तर्षींच्या शेपटाच्या दिशेवरून चिनी लोक ऋतु ओळखीत. आतां शिन्ज्यांगच्या विस्तीर्ण माळावर याच नांवाच्या उपग्रहांवरून ट्रॅक्टर आपली ओळ धरितात.

धान्याच्या मापानें पाहिलें तर या सर्वांचें फळ डोळे दिपविणारें आहे. १९४९ मध्यें सुमारें ११ कोटि टन धान्य पिकविणाऱ्या देशानें २०२४ मध्यें ७० कोटि टनांचा टप्पा ओलांडला. ज्या पिढीनें दुष्काळांत झाडाची साल खाल्ली तिचीं नातवंडें अन्नाच्या तुटवड्यावांचून वाढलीं, ही गोष्ट कोणीही हलकी लेखूं नये.

परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हात गेले तेव्हां त्यांच्याबरोबर खतही गेलें. गाळ उपसणें, कंपोस्ट मुरविणें, सोनखत वाहणें हीं सर्व कामें हातांचीं. तीं सुटलीं आणि पोत्यांतलें खत तेवढें उरलें. म्हाताऱ्या माणसास एकदांच जास्त खत टाकून मोकळें होणें सोयीचें, म्हणून तें गरजेहून पुष्कळ जास्त पडूं लागलें. १९८० च्या सुमारापासून दोन दशकांत चीनच्या लागवडीखालील जमिनींत आम्लता लक्षणीय वाढली आणि त्याचें मुख्य कारण नायट्रोजनयुक्त खताचा अतिरेक होय, असें चिनी शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं दाखवून दिलें. किंगनें ज्या मातीस चाळीस शतकें जपलेली म्हणून नमस्कार केला, तिचा कस एका पिढींत ढळूं लागला. सरकारही सावध झालें; २०१५ मध्यें खताची वाढ थांबविण्याची मोहीम निघाली आणि सुमारें ६ कोटि टनांवर गेलेला वापर पुढील आठ वर्षांत ५ कोटि टनांच्या आसपास उतरला.

डोंगराळ भागांत अडचण वेगळी आहे. युन्नानमधील हानी लोकांचीं भाताचीं पायरीशेतें २०१३ मध्यें जागतिक वारसा म्हणून गणलीं गेलीं; चेच्यांग प्रांतांतील छिंगथ्येन येथील शेतांत भाताबरोबर मासे वाढतात, ते तण व किडे खातात आणि शेताला खत देतात. अशा उतारांवर मोठें यंत्र चढत नाहीं. तरुण गेले, म्हैस गेली, आणि बांध घालणारा म्हातारा थकला, कीं असलीं शेतें हळूहळू ओसाड पडतात. जेथें यंत्र पोंचूं शकत नाहीं, तेथें यंत्रयुगाचा परिणाम असा उलट दिसतो.

याहून गंभीर प्रश्न माणसांचा आहे. २०१६ च्या कृषिगणनेंत शेतीकाम करणारीं ३१ कोटि ४२ लाख माणसें मोजलीं गेलीं. त्यांतील एकतृतीयांश ५५ वर्षांच्या किंवा त्याहून अधिक वयाचीं, आणि ३५ च्या आंतलीं शेंकडा २० देखील नव्हतीं. पाणी केव्हां सोडावें, तरवा केव्हां उपटावा, कोणत्या वाफ्याला काय मानवतें, हें ज्ञान पुस्तकांत थोडें आणि बांधावर जास्त होतें. तें बापाकडून मुलाकडे जाण्यास दोघांनीं एका शेतांत उभें राहावें लागतें. यंत्र भाड्यानें मिळतें. हें ज्ञान भाड्यानें मिळत नाहीं.

या दिशेनें एक प्रयोग उल्लेखनीय आहे. २००९ मध्यें बीजिंगच्या चीन कृषि विद्यापीठांतील चांग फूस्वो या प्राध्यापकानें आपले विद्यार्थी हेबेई प्रांतांतील छूचौ तालुक्यांत शेतकऱ्यांच्या घरांच्या अंगणांत राहावयास धाडले. त्यांनीं वर्षभर तेथेंच राहावयाचें, शेतकऱ्यांबरोबर शेतावर जावयाचें, त्याच मातीची परीक्षा करावयाची आणि तिला किती खत पुरेसें आहे तें त्याच शेतांत करून दाखवावयाचें. या व अशाच दीर्घ प्रयत्नांचें फळ २०१८ मध्यें प्रसिद्ध झालें. २००५ ते २०१५ या काळांत दोन कोटींहून अधिक लहान शेतकऱ्यांनीं या सल्ल्यानें शेती केली. मका, भात व गहूं यांचें उत्पन्न शेंकडा सुमारें ११ नें वाढलें आणि नायट्रोजन खत शेंकडा १५ ते १८ नें कमी लागलें. येथें नवें यंत्र कोणतेंच नव्हतें. शिकलेला मनुष्य गांवांत जाऊन राहिला, ऐकूं लागला आणि मग बोलूं लागला, एवढेंच.

फे श्याओतुंग २००५ सालीं वारला. तोंवर त्यानें कायश्येनगुंगला वीसांहून अधिक वेळां भेट दिली होती. पहिल्या भेटींत त्यास मिळालेला धडा पुढील सर्व इतिहासानें खरा करून दाखविला. हुकुमानें आणलेलें यंत्र पडून राहिलें. शेतकऱ्याच्या हातांना दुसरें काम मिळालें त्या दिवसापासून तेंच यंत्र धांवत आलें. शेतकऱ्याच्या हिशेबांतून एक कलम मात्र सुटलें. पायरहाटावर राबणारा मनुष्य मातीचीही राखण करीत होता, आणि त्या राखणीची मजुरी कोणत्याच वहींत मांडलेली नव्हती. शहराकडे गेलेल्या हातांचीं बाकीचीं कामें यंत्रानें उचललीं. हें एक काम उचलणारा कोणी तरी चिनी खेड्यांत पुन्हां उभा राहावयाचा आहे. अंगणांत येऊन राहिलेले ते विद्यार्थी म्हणजे त्याचा आरंभ असूं शकेल.